बहाद्दरचा बिल्ला

विहिरीत पाणी किती आहे हे बघायला मला पाठवलं होतं आणि मी विहिरीत कुत्रा आहे असं लिहून आणलं. या सगळ्या प्रकरणाची सुरुवात तिथून झाली.

मी टंचाई शाखेतला कारकून. नवा जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि नीट पाऊस पडून तीन. जिल्हा नवा असल्यामुळे आमच्या खुर्च्या नव्या, शिक्के नवे, आणि कागद मात्र सगळे जुन्या जिल्ह्याला. कुणी काही विचारलं की 'फाईल यायची आहे' असं सांगायचं, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो. आमच्या गावाचं नाव सांगत नाही. लातूर जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर नगरपालिका माझ्याकडून लेखी खुलासा मागवेल, आणि खुलासे लिहायचं काम मला आधीच भरपूर आहे.

तर उदगीरकडच्या एका शिवारातली कोरडी विहीर बघून मी पंचनामा केला: 'पाणी: निरंक. इतर: कुत्रा एक, जिवंत.' साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "जिवंत आहे तर काढला का नाही?"

"आदेश नव्हता, साहेब."

साहेबांनी आदेश दिला. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी मला एका मोठ्या डालग्यात बसवून विहिरीत सोडलं. आदेश माझ्या नावाने असल्यामुळे दुसरं कुणी उतरायला तयार नव्हतं. खाली तो तांबूस रंगाचा, फासळ्या मोजून घ्याव्यात असा कुत्रा भिंतीकडे तोंड करून उभा होता. 'मला हा माणूस दिसला नाही तर मीही त्याला दिसणार नाही', असा त्याचा हिशेब असावा. मी त्याला मांडीवर घेतलं. वर येईपर्यंत आम्ही दोघेही थरथरत होतो, पण लोकांना फक्त कुत्र्याचं थरथरणं दिसलं, याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे.

"घिऊन जावा, सायेब," पाटील म्हणाले. "हितं माणसालाच प्यायला न्हाई."

असा तो घरी आला. बायकोने, म्हणजे शिवकांताने, दारातच विचारलं, "सगळ्यांचे नवरे घागर घेऊन येतात. तुम्ही हे काय आणलंत?" मी आदेश दाखवला. कुत्रा काढण्याचा आदेश होता, घरी आणण्याचा नव्हता, हे तिने एका मिनिटात शोधून काढलं. ती आमच्या शाखेत असती तर एव्हाना हेडक्लार्क झाली असती.

नाव ठेवलं शेजारच्या शेषेरावांनी. ते पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्या गल्लीचा बंदोबस्त त्यांच्याकडे आहे. "नाव दमदार पायजे, अमृतराव," ते म्हणाले. "नावानं अंगात जोर येतो. बहाद्दर म्हणा." आणि त्यांनी स्वतःच त्या नावाने अशी हाक मारली की बहाद्दर मधल्या खोलीतल्या लोखंडी कॉटखाली गेला, आणि पुढचा महिनाभर तोच त्याचा पत्ता झाला.

तो कशाकशाला भ्यायचा? टँकरच्या हॉर्नला, कुकरच्या शिट्टीला, माझ्या शिंकेला, दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या पायजम्याला, आणि एकदा स्वतःच्याच ढेकरेला. भाकरीचा तुकडा कॉटखाली सरकवला की तो बराच वेळ तुकड्याकडे संशयाने बघत बसायचा. मी सरकारी कागदाकडे तसाच बघतो, त्यामुळे मला ते पटायचं.

महिन्याभराने माझी आई आली. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. गौरम्मा तिचं नाव. जळकोटजवळच्या गावी ती एकटीच राहायची. गावातला शेवटचा आडही आटला तेव्हा मी जाऊन तिला एस.टी.ने घेऊन आलो. सत्तरीची बाई, आयुष्यात कधी भाड्याच्या घरात राहिलेली नाही. इथे आल्यावर ती जणू पाहुणी असल्यासारखी वागू लागली. विचारलं तर "हाव", नाहीतर "न्हाई", नाहीतर "बास". इष्टलिंगाची पूजा झाली की आतल्या खोलीत भिंतीकडे बघत बसायची.

तिच्यासाठी लोखंडी कॉट आतल्या खोलीत नेली आणि कॉटच्या जागी पाण्याची दोन टिपाडं, म्हणजे मोठी पिंपं, ठेवली. घरात एवढा बदल झाला, हे आम्ही कुत्र्याला कळवलं नव्हतं. तो अंगणातून आला, बघतो तर डोक्यावरचं छप्पर गायब आणि तिथे दोन काळे पिंपळाएवढे राक्षस उभे. त्याने एकदाच गळा काढला आणि न्हाणीत जाऊन बसला. न्हाणी तशी कोरडीच असायची त्या दिवसांत. तीन दिवस तो तिथेच होता. चौथ्या दिवशी नाहीसा झाला. मी सगळी गल्ली पालथी घातली, आणि संध्याकाळी तो अव्वाच्या कॉटखाली सापडला. अव्वाने त्याला हाकललं नव्हतं. मीही त्याला हलवलं नाही.

पाण्याचं सांगायचं राहिलं. टँकरचं पाणी रेशनकार्डावर मिळायचं, माणशी दोन घागरी. आमच्या कार्डावर माणसं दोन, घरात तीन, वर कुत्रा. शिवकांता रोज म्हणायची, "आत्याबाईंचं नाव इथल्या कार्डावर लावून घ्या की. तुम्ही तर कचेरीतलेच आहात." मी एकदा अव्वाजवळ विषय काढला. इथे नाव लावायचं तर गावच्या कार्डातलं कमी करावं लागतं, आणि त्या कार्डावर आता तिचं एकटीचंच नाव उरलेलं. तिचं कमी झालं की कार्डच रद्द.

"न्हाई," अव्वा म्हणाली. आणि आल्यापासूनचं सगळ्यात लांब वाक्य बोलली: "तुझ्या बापाच्या घराला नाव लागतंय माझं. ते काढलं की गावात आपलं कोन हाय?"

 हजारो लोकांच्या नावापुढे 'स्थलांतर: तात्पुरते' असं मीच लिहीत होतो, पण आईपुढे काय लिहावं हे मला सुचत नव्हतं. आम्ही चार घागरीत भागवत राहिलो.

अशातच एप्रिलच्या बारा तारखेला भोंगा लावलेली रिक्षा गल्लीतून गेली. पाण्याच्या भांड्यांत कुत्री तोंड घालतात, दोघातिघांना चावलीही आहेत, म्हणून दोन मेपासून बिल्ला नसलेली कुत्री नगरपालिका उचलून नेणार. कुठे नेणार हे रिक्षाने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. भोंग्याच्या आवाजाने बहाद्दर कॉटखाली भिंतीला इतका चिकटला की अंगाला चुना लागला. मला त्या क्षणी समजलं की या कुत्र्याला उचलून नेलं तर तो भीतीनेच मरेल, पुढचं काही करायची कुणाला गरज पडणार नाही.

"काळजी करू नका," मी घरात जाहीर केलं. "मी सरकारी माणूस आहे. उद्या बिल्ला घेऊन येतो."

नगरपालिकेत कुत्र्यांच्या टेबलावर रेवणसिद्ध नावाचे गृहस्थ होते. शिवकांताच्या माहेरकडून लांबचे नातेवाईक निघाले. त्यांनी मला "या पाव्हणं" म्हणून बसवलं, चहा पाजला, आणि माझा अर्ज परत केला. मी गेली सोळा वर्षं लोकांचे अर्ज परत करतो आहे, पण समोरच्या बाजूला बसून ते कसं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. चहासुद्धा कडू लागला.

"इंजेक्शनचा दाखला पायजे," रेवणसिद्ध म्हणाले, "घरमालकाचं संमतिपत्र पायजे, आन मालकीचा पंचनामा."

"कुत्र्याच्या मालकीचा?"

"हाव. उद्या कुनीबी उठंल आन रस्त्यावरचं कुत्रं आपलं म्हनंल. दोन पंचांसमोर मालकानं हाक मारायची. कुत्रं आलं तर त्याचं. न्हाई आलं तर बेवारस."

"असा नियम आहे?"

"फाईल जुन्या जिल्ह्याला हाय, पाव्हणं. यायची हाय."

मी अर्जाची घडी करून खिशात घातली.

घरमालकाचं संमतिपत्र मिळालं. इंजेक्शनसाठी बहाद्दरला टोपलीत घालून, वरून जुनं लुगडं बांधून, सायकलच्या कॅरियरवरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर गुरांच्या छावणीवर गेले होते. छावणी पाच किलोमीटरवर. तिथे पोचलो तर चारशे जनावरं, धुरळा आणि हंबरणं. लुगडं सोडताच बहाद्दर टोपलीतून उडाला आणि एका म्हातारीच्या म्हशीखाली जाऊन बसला. म्हशीने हरकत घेतली नाही. डॉक्टर घामाघूम झाले होते. त्यांनी म्हशीखाली वाकून कुत्र्याला सुई टोचली, छापील दाखल्यावर सही ठोकली आणि पुढच्या बैलाकडे गेले. त्यांच्यामागून येणाऱ्या माणसाने रांगेतल्या प्रत्येकाला चाऱ्याची चिठ्ठी द्यायची होती, ती त्याने मलाही दिली.

मी विजयी मुद्रेने दाखला रेवणसिद्धांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला.

"पाव्हणं, 'गाय, बैल, म्हैस, यापैकी लागू नसेल ते खोडावे' असं हाय हितं. काहीच खोडलं न्हाई. तुमचं कुत्रं तिन्ही हाय का?"

मी तिन्ही शब्द खोडले. रेवणसिद्ध म्हणाले, आता या दाखल्यावर जनावरच उरलं नाही. मग मी 'कुत्रा' असं लिहिलं. ते म्हणाले, खाडाखोडीवर डॉक्टरांची सही पाहिजे. पुन्हा पाच किलोमीटर. त्या उन्हात सायकल मारताना मला माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली कितीतरी माणसं आठवली, आणि मी त्यांना मनातल्या मनात बसायला खुर्ची दिली.

उरला पंचनामा. तो तीस तारखेला ठरला. म्हणजे बहाद्दरला हाकेसरशी यायला शिकवायला अकरा दिवस. शेषेरावांनी ते काम अंगावर घेतलं. ते रोज सकाळी शिट्टी, पट्टा आणि पोलिसी बूट घालून यायचे, आणि आतल्या खोलीच्या दारात उभे राहून "बहाद्दर! दौड के आ!" असं ओरडायचे. मी कारकुनी सवयीने रोजच्या प्रगतीची वही ठेवली होती. ती अशी:

'दि. १९: कुत्रा कॉटखाली. दि. २०: कुत्रा कॉटखाली. दि. २१: कुत्रा कॉटखाली, शेपूट बाहेर. दि. २२: शेपूट आत. दि. २३: शिट्टी ऐकून समोरच्या घरातला मुलगा शाळेत पळाला. कुत्रा कॉटखाली.'

सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं उपाशी ठेवा, कुणी म्हणालं आरसा दाखवा. फक्त पलीकडच्या सुलतानबी, ज्यांच्याकडे पाच शेळ्या होत्या, त्या कुंपणावरून हे सगळं बघून म्हणाल्या, "भाऊ, तुमी लई बोलून राहिले त्याच्यासंगं. मुकं जनावर हाय. जरा तुमीबी मुके व्हा."

माझ्या वक्तृत्वाचा असा अपमान आजवर कुणी केला नव्हता. मी दुसऱ्या दिवसापासून दुप्पट बोललो.

सव्वीस तारखेला कचेरीतून दुपारीच घरी आलो. आतल्या खोलीत कुणीतरी बोलत होतं. मला वाटलं शेजारची कुणी आली असेल, म्हणून दारातच थांबलो. अव्वा जमिनीवर बसून सुपात ज्वारी निवडत होती, कॉटकडे पाठ करून, आणि बोलत होती. आमच्या आडाचं पाणी कसं गोड होतं, माझे वडील विहिरीत पोहायला कसे शिकले, बसवजयंतीला नंदीच्या शिंगांना कोण रंग लावायचं. बहाद्दर कॉटखालून बाहेर येऊन तिच्या पाठीला पाठ लावून बसला होता, आणि त्याचे दोन्ही कान तिच्याकडे होते.

इतकं ती माझ्याशी दोन महिन्यांत बोलली नव्हती. पण मी तरी तिला काय विचारलं होतं? औषध घेतलं का, जेवली का, झोप लागली का. उत्तराची वाटही न बघता कचेरीला निघून जायचो. मला फार लागलं ते. मी चपला हातात घेऊन बाहेर आलो आणि ओट्यावर बसून राहिलो. त्या दिवशीच्या वहीत काहीच लिहिलं नाही.

तीस तारीख उजाडली. रेवणसिद्ध दप्तर घेऊन आले. पंच म्हणून शेषेराव आणि सुलतानबी. शेषेराव गणवेशाची टोपी घालून आले होते. आतल्या खोलीत आम्ही सगळे कॉटभोवती गोळा झालो, आणि एवढे पाय बघून बहाद्दर अगदी कोपऱ्यात गेला. अव्वा उठून दाराआड उभी राहिली.

"मारा हाक," रेवणसिद्ध म्हणाले.

"बहाद्दर!" मी म्हणालो. "ये बाळा! बहाद्दर, हे बघ काय आहे!" शिवकांताने तूप लावलेली पोळी दाखवली. मी चुचकारलं, गुडघ्यावर बसलो, आडवा झालो, अर्धा कॉटखाली गेलो. पाय बाहेर ठेवून मी सरकारी कामासाठी ज्या आवाजात कधी बोललो नाही त्या आवाजात त्याची मनधरणी केली. तो माझ्याकडे बघत थरथरत होता. न राहवून शेषेरावांनी शिट्टी फुंकली, तेव्हा मात्र तो भिंतीत जाईल की काय असं वाटलं.

रेवणसिद्ध मोठ्याने म्हणत लिहू लागले, "मालकाने हाक मारली. कुत्रा आला नाही. सबब सदर कुत्रा बे..."

"सरका," अव्वा म्हणाली.

आम्ही सगळे सरकलो. ती दाराआडून आली, कॉटकडे पाठ करून खाली बसली, सूप पुढे ओढलं आणि ज्वारी निवडू लागली. हाक नाही, चुचकारणं नाही, मागे वळून बघणंही नाही. खोलीत फक्त खडे बाजूला टाकल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने कॉटखालून एक नाक बाहेर आलं, मग पाय, मग सगळा कुत्रा. पाच माणसांच्या मधून चालत तो तिच्याजवळ गेला आणि तिच्या पाठीला टेकून बसला.

"आला!" शेषेराव ओरडणार होते, पण सुलतानबींनी त्यांच्या तोंडासमोर पदर धरला.

"पन हाक कुठं मारली?" रेवणसिद्ध हळू आवाजात म्हणाले. "नियमात हाक हाय."

"अवं सायेब," सुलतानबी म्हणाल्या, "हाक मारल्यावर तर पावना बी येतो. न मारता येतं ते घरचं."

रेवणसिद्धांनी पेन कानामागे ठेवलं, पुन्हा काढलं. माणूस वाईट नव्हता. "बरं," ते म्हणाले. "मालक गौरम्मा. रेशनकार्ड दाखवा यांचं."

मी खाली बघितलं. "यांचं नाव इथल्या कार्डावर नाही. गावाकडे आहे."

"मग कसं होतंय पाव्हणं? बिल्ला हितल्याच रहिवाशाला देता येतो."

"तात्पुरतं स्थलांतर म्हणून लिहा," मी म्हणालो. मला हा एकच रस्ता येत होता. "टंचाईच्या नोंदवहीत तसा रकाना आहे."

"माझ्या फारमात तसा रकाना न्हाई. आज नाव लावल्याचा कागद आना, मी संध्याकाळी सहापर्यंत बसतो. उद्या एक मे, सुट्टी हाय. परवा गाडी निघंल."

 मी अव्वाकडे बघायचं टाळत होतो. तिला हे विचारायचा मला अधिकार नव्हता, आणि एका कुत्र्यासाठी तर नाहीच. तिने सूप बाजूला ठेवलं.

"माझं नाव हितं लावलं तर ह्याला नेत न्हाईत?"

"न्हाई नेत, आजी," रेवणसिद्ध म्हणाले.

"आन तिथलं?"

"तिथलं कमी होईल, अव्वा," मी म्हणालो. "कार्ड रद्द होतं. पण असू दे, आपण दुसरं काहीतरी बघू. मी साहेबांना भेटतो, मी लातूरला..."

अव्वाने मागे हात नेला आणि बहाद्दरच्या डोक्यावर ठेवला. 

"लिव," ती म्हणाली.

"अव्वा, नीट विचार कर. तात्पुरतं नाही लिहिता येत. कायमचं होतं ते."

"कायमचंच लिव. ह्याला रोज रोज घर बदलाया जमत न्हाई." मग म्हणाली, "आन मलाबी."

मी आयुष्यात कधी रडलोच नाही असं नाही, पण दोन पंचांसमक्ष पहिल्यांदाच रडलो. शेषेरावांनी टोपी काढून हातात घेतली. शिवकांता खाली बसली आणि सुपातली ज्वारी उगाचच पुन्हा निवडू लागली.

मी अव्वाचं गावचं कार्ड घेतलं, सायकल काढली आणि पुरवठ्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने मला तीनदा परत पाठवलं, पण मी एकदाही आवाज चढवला नाही. सहाला दहा मिनिटं कमी असताना रेवणसिद्धांच्या टेबलावर नवं कार्ड ठेवलं. पितळेचा बिल्ला मिळाला. घरी आणल्यावर अव्वाने तो दोरीत ओवला आणि बहाद्दरच्या गळ्यात बांधताना त्याला काहीतरी सांगितलं. मी ऐकायला गेलो नाही, ते त्या दोघांचं होतं.

नव्या कार्डाचा अर्ज माझ्याच अक्षरात होता. रात्री शिवकांताने कार्ड उघडून वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. गावच्या कार्डावर अव्वा कुटुंबप्रमुख होती. ते पद तिच्याकडून काढून घ्यायचं काही कारण मला दिसलं नव्हतं, म्हणून पहिल्या ओळीत मी गौरम्मा असं लिहिलं होतं. माझं नाव दुसऱ्या ओळीत आहे. कुत्र्याचं नाव कार्डावर लावता येत नाही. मी विचारून बघितलं.